कधीच न बसणारा जॅक

एकदा एक गृहस्थ मोटार उचलायचा चाकांवरचा जॅक विकत घ्यायला घराबाहेर पडला, आणि वर्ष उलटत आलं तरी त्याची खरेदी काही होईना. वामन त्याचं नाव. तो लांबून येताना दिसला की दुकानदार कपाळाला हात लावीत. वामन जॅकचा दांडा चालवून बघे, चाकं फिरवून बघे, कुठे तेल पाझरतंय का ते बोटाने चाचपून बघे, आणि शेवटी एकच प्रश्न विचारी, "हा कधी खाली बसणार नाही ना?" आता याला कोणता व्यापारी काय उत्तर देणार! एकाने तर विचारलंच, "अहो, मोटार उचलायची आहे की डोंगर?" वामन हसला नाही.

हसणार कसा? गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ रघुवीर, पूजेआधी मोटार ठाकठीक करावी म्हणून, आपल्या अंगणात तिच्याखाली शिरला. जॅक बसला, आणि रघुवीर जिवंत बाहेर आलाच नाही. तो जॅक वामननेच त्याला हौसेने भेट दिला होता. 'मी हलका माल निवडला आणि भाऊ घालवला,' हे वामनच्या मनाने घेतलं ते घेतलंच. अन्नाची चव गेली, झोप गेली. रघुवीरची बायको शैला त्याच घरात राहत होती, मोटार अंगणात धूळ खात उभी होती, आणि वामन तिकडे फिरकतही नव्हता. उत्तम जॅक मिळाला की मगच जाईन, ती मोटार स्वतःच्या हाताने दुरुस्त करून देईन, असा त्याचा निश्चय होता.

अखेर दुकानातला सर्वांत भक्कम जॅक घेऊन तो शाळेतल्या आपल्या वृद्ध विज्ञानशिक्षकांकडे गेला. "सर, यात खोट काढून दाखवा," तो म्हणाला.

सरांनी जॅककडे फारसं पाहिलंही नाही. वामनची मोटार त्यांनी आपल्या अंगणात घ्यायला लावली, त्याच जॅकवर तिची एक बाजू उचलायला लावली. मग आत जाऊन एक मातीचं मडकं आणलं आणि मोटारीखाली पालथं घातलं. मडकं आणि मोटार यांच्यात जेमतेम बोट शिरेल एवढी जागा होती.

"आता बस," सर म्हणाले.

"हा काय पोरखेळ मांडलात, सर?"

"बस म्हटलं ना!"

दोघे ओटीवर बसले. चहा झाला, जेवण झालं, उन्हं कलली. कुणी मोटारीला हातही लावला नाही. दिवेलागणीला टच्‌ असा आवाज झाला. मडक्याला तडा गेला होता.

वामनच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे हासुद्धा! मग जगात एकही जॅक..."

"एकही नाही," सर शांतपणे म्हणाले. "अरे, जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. ते तेल आज ना उद्या वाट काढतं. त्याचं काम उचलण्याचं. धरून ठेवायला खाली लोखंडी घोडी लावायची, भार तिच्यावर टेकवायचा, आणि मगच माणसाने आत शिरायचं. उचलणाऱ्यानेच धरूनही ठेवावं म्हटलं, तर कितीही भक्कम असो, तो एक दिवस बसतोच. माणसाचंही तेच आहे. तुझ्या जॅकच्या निवडीत चूक नव्हती, वामन."

एवढं ऐकून वामनला हायसं वाटायला हवं होतं. पण घोडीचं नाव काढताच त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, त्या दिवशी सकाळी रघूचा फोन आला होता," तो कसाबसा म्हणाला. "शेजाऱ्यांकडून घोडी आणू का, असं विचारत होता. मी म्हटलं, एवढा दणकट जॅक दिलाय तुला, घोडी कसली लावतोस! हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. म्हणजे... माझंच चुकलं का हो?"

नाही म्हणा, एकदा नाही म्हणा, असं तो डोळ्यांनी विनवीत होता.

"चुकलं," सर म्हणाले. "खोटं बोलून मी तुला आत्ता उचलीन रे, पण ते टिकायचं नाही. आणि हे एकट्याने धरून तू किती दिवस काढशील? जा. जिला सांगायला हवं, तिला सांग."

दुसऱ्या दिवशी वामनने जॅक परत केला आणि दोन घोड्या घेतल्या. त्या घेऊन तो शैलाच्या अंगणात गेला. मोटारीपाशी घोड्या ठेवल्या आणि खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. शैला शिव्याशाप देईल, निदान दार तरी लावून घेईल, या तयारीनेच तो आला होता.

"ठाऊक आहे मला," शैला म्हणाली. "मी शेजारीच उभी होते, दादा. फोनवरचं सगळं ऐकू येत होतं."

वामनने मान वर केली.

"त्यानंतरही हे निघाले होते घोडी आणायला. मीच अडवलं. म्हटलं, दादा म्हणताहेत ना, मग राहू दे." पदर तोंडाशी धरून ती तशीच खाली बसली. "वर्षभर तुमची वाट पाहिली. हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार होते?"

वामन तिच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर टेकला. रघुवीर परत येणार नव्हता, आणि चूकही दोघांपैकी कुणाचीच पुसली जाणार नव्हती. आपण दुकानं पालथी घालीत असताना हिने हे सगळं एकटीने तोलून धरलं होतं, एवढंच त्याला उमगलं. ऊन पायांवर येईपर्यंत दोघं रडत बसली.

आपल्याही घरात कुणीतरी काहीतरी असंच एकट्याने धरून बसलेलं असेल. बाकीच्या खरेद्या मागाहून कराव्यात, आधी तिथे जाऊन यावं.