तांबुळदऱ्यात चिंधी का नाकारत नाहीत

घाटमाथ्यावरच्या तांबुळदऱ्यात एखाद्या सुनेला सातवा महिना लागला, की घरोघरच्या बायका न बोलावता तिच्या ओट्यावर येतात आणि जुन्या लुगड्याची एकेक चिंधी ठेवून जातात. बाळ जन्मायच्या आधीच त्याचं दुपटं तयार होतं. पाहुण्यांना याचं नवल वाटतं, कारण दुसरीकडे बाळ हाती येईपर्यंत कुणी सुई ओवत नाही. बाळाला ऊब मिळावी म्हणून, असं बायका हसून सांगतात. गावातली जुनी माणसं मात्र गजराचं नाव घेतात.

गजरासारखी गोधडी पंचक्रोशीत कुणी शिवत नव्हतं, असं सांगतात. तिची एकुलती लेक मैना बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा गजराला धीर धरवेना. तिनं तेव्हाची रीत मोडून आधीच दुपटं शिवलं. बाळ पोटातच गेलं आणि त्याच्यामागून मैनाही गेली. झालं! गावाला कारण मिळालं. कडाक्याची थंडी, दूरची सुईण, पोरीचं अशक्त अंग, यातलं काहीच कुणाला दिसलं नाही. दिसली ती आईची सुई. गजरानंही ते खरं मानलं. कोरं दुपटं तिनं कणगीमागे दडवलं आणि पुन्हा सुईला हात लावला नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी गावातल्या सारजाची सून हौसा गजराच्या दारात आली. पोटुशी होती आणि तिला आई नव्हती.

"मावशे, माझ्या लेकराला दुपटं शिवून दे."

"माझ्या हातचं नको मागूस, पोरी. गावाला विचार काय होतं ते."

"इचारलं की. गारठा काय बारशापातूर थांबतोय व्हय? गावाला काय, आपापली वाकळ हाय."

गजराला हसू फुटलं. चिंध्या मागायला ती घरोघर गेली. फाटक्या लुगड्यातली एक बाई म्हणाली, "आमच्यात फाटकं काही नाही बाई."

"मग अंगावर काय नेसलीस, पैठणी?" गजरानं विचारलं.

सारजानं तर दारातूनच सुनावलं, "पोतेऱ्याला लागतात आम्हाला चिंध्या. लेकीला शिवलंस तेवढं बस झालं."

एवढ्या गावात एका चिंधीसाठी कुणाचा हात सुटला नाही.

गजराकडे कापड होतं ते एकच. तिनं कणगीमागचं दुपटं काढलं. त्यात मैनाचा परकर होता, तिची चोळी होती. लेकीचं म्हणून एवढंच उरलेलं. ते उसवायचं, की आईविना पोरीला रिकाम्या हातानं परत पाठवायचं? सकाळभर ती ते मांडीवर घेऊन बसली. मग तिनं पहिला टाका ओढला.

नुसत्या सरळ ओळी घालून मोकळं व्हायचं, असं तिनं ठरवलं होतं म्हणे. पण बोटं ऐकेनात. हिरव्याशेजारी तांबडं ठेवलं, पटेना, उचललं. परकराचा काठ कोपऱ्यावर वळवला. चूल विझली तरी तिला कळलं नाही. ती गुणगुणत होती. आपण गुणगुणतो आहोत हे ध्यानात आलं, तेव्हा तिनं चोळीचा तुकडा तोंडाशी धरला आणि ती ओक्साबोक्शी रडली. रडून झाल्यावर डोळे पुसले आणि पुन्हा सुई ओवली.

"मला काही नको," दुपटं देताना ती हौसाला म्हणाली, "बाळ यात गुंडाळून एकदा मांडीवर दे. मी बघीन."

पौषात बाळ जन्मलं. त्या गारठ्यात दुपट्यानंच त्याला तारलं. बारशाला सारं गाव जेवलं, पण गजराला बोलावणं नव्हतं. हौसा बाळ घेऊन गजराकडे निघाली, तेव्हा सारजा उंबऱ्यात आडवी आली. "तिची सावली पडू द्यायची न्हाई!" गजरा आपल्या दारात बसून पाळण्याची गाणी ऐकत राहिली.

त्याच थंडीत ती गेली. हौसानं दार लोटलं, तेव्हा गजरा भिंतीला टेकून होती. हातात दोरा ओवलेली सुई होती आणि नेसत्या लुगड्याच्या पदरावर ओळीनं, सुबक धावदोरा घातलेला होता. खाली दुसरा थर नव्हता. हातांना पुन्हा गोडी लागली होती, शिवायला कापड नव्हतं.

मग मात्र घरोघरची गाठोडी सुटली. ज्यांच्याकडे फाटकं नव्हतं, त्यांनी मढ्यावर घालायला चांगली धड लुगडी आणली. हौसानं ती सगळी परत केली. स्वतःच्या लुगड्याचा पदर टर्रकन फाडला आणि गजराच्या अंगावर घातला.

तेव्हापासून तांबुळदऱ्यात बाळ पाळण्यात घालण्याआधी दुपट्यात गुंडाळून गावातल्या अशा बाईच्या मांडीवर देतात, जिला आपलं म्हणून कुणी उरलेलं नाही. ती बघेल तेवढं बघू देतात, बाळ परत मागायला हात पुढं करत नाहीत. मोठा मान आहे तो. गजराला तो कुणी दिला नाही.