बांध फोडणाऱ्या अनघाचा न्याय

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, वेत्रवतीच्या तीरावर, नियतवर्मा नावाचा राजा राज्य करीत असे. राजा पराक्रमी, निर्लोभी आणि प्रजावत्सल होता. दोष म्हणावा तर एकच, आपल्यावाचून कोणाला काही धड जमते यावर त्याचा विश्वास नव्हता. म्हणून कायदा तोच करी, न्यायासनावर तोच बसे आणि दंडाची आज्ञाही तोच देई. सभासद काय, माना डोलावत. निकाल लागताच सूर्यास्तापूर्वी दंड व्हावा, अशी त्या राज्याची रीत होती आणि राजाला तिचा भारी अभिमान होता.

एकदा घोर अवर्षण पडले. राजाने महासरोवराला बांध घातला आणि नियम केला, की जो हा बांध फोडील त्याला देहान्त. पुढे पर्वतावर मेघ असे कोसळले, की सरोवर तुडुंब भरून बांध थरथरू लागला. खाली निषादांची वस्ती होती. तेव्हा शुचिव्रता नावाच्या तपस्विनीचा तरुण पुत्र अनघ कुदळ घेऊन धावला आणि त्याने बांधाची वरची कड फोडून पाणी अरण्यात वळवले. वस्ती वाचली, अनघ मात्र रक्षकांच्या हाती सापडला. त्याची माता आणि सारे निषाद पुरापलीकडे अडकले होते.

वादी राजा, न्यायाधीशही राजा. प्रतिवादी तेवढा अनघ.

"बांध तू फोडलास?" राजाने गर्जून विचारले.

"होय, राजन्, परंतु माझे साक्षीदार नदीपलीकडे..."

"नियम मी रचला आहे. त्यात परंतु नाही!"

सूर्य मावळण्यापूर्वी अनघाचा वध झाला. काय लिहावे! एवढा गुणी मुलगा, त्याचे एक वाक्यही कोणी पुरे होऊ दिले नाही.

पूर ओसरल्यावर शुचिव्रता आली. मागे निषाद स्त्रिया आपली जिवंत लेकरे कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्यांना पाहताच राजाला सारे उमगले आणि तो सिंहासनावरून खाली कोसळला.

"राजा, माझ्या अनघाने आपली बाजू कशी मांडली?" तिने विचारले.

"माते, मी ती ऐकलीच नाही. मला भस्म कर!"

शापासाठी तिने ओंजळीत जल घेतले. मग तिने ते जल भूमीवर सोडले.

"मी फिर्यादी आहे. फिर्यादीने निकाल देऊ नये. परंतु माझ्या तपाच्या बळावर सांगते: यापुढे कायदा करणारा न्याय देणार नाही, न्याय देणाऱ्याच्या हाती खड्ग राहणार नाही, आणि प्रतिवादीचे पूर्ण ऐकल्यावाचून निकाल होणार नाही. ही मर्यादा जो मोडील त्याचे राज्य बुडेल!"

एवढे बोलून ती मातृदेवता ढसाढसा रडली.

ही तीन अधिकारांची मर्यादा तेव्हापासून भूतलावर आली. नव्या न्यायसभेपुढे पहिली फिर्याद शुचिव्रतेचीच होती आणि प्रतिवादी होता नियतवर्मा. न्यायाधीशांनी त्याला बोलण्यास सांगितले. तो बोलला, रडला, पुन्हा बोलला. कोणी त्याला अडवले नाही. समोर शुचिव्रता बसली होती. मुलाला जे मिळाले नाही ते त्याला मारणाऱ्याला मिळताना ती पाहत होती, आणि त्याचा शब्द न् शब्द ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.