जिनिंगमधली बाज

"उस्ताद, उठता की नाही?"

कादरउस्ताद काही उठले नाहीत. बंद पडलेल्या जिनिंगच्या लांबलचक दालनात, बरोब्बर मधोमध त्यांनी आपली बाज टाकली होती आणि डोळे मिटून पडले होते. चुना कालवून झालेला, मजूर थाप्या घेऊन उभे, आणि ऐंशी वर्षांचा मुख्य गवंडी आडवा!

मृणाल इंगोलेचा पारा चढला. चढणारच. कापसाच्या या जुन्या दगडी कारखान्याचा बाळंतपणाचा दवाखाना करायचा, तोही निम्म्या विजेत चालणारा, असा तिचा नकाशा. चुन्याचं काम ती याच म्हाताऱ्याच्या हाताखाली शिकलेली. पण आता बाई आर्किटेक्ट झाल्या होत्या, वर एक बक्षीसही मिळालं होतं.

"आज ही भोकं पक्की बुजली पाहिजेत," ती म्हणाली.

उत्तरेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, मुठीएवढी भोकं ओळीनं होती. वर छताच्या कवेलूंखाली झरोके. एकूणएक भोकावर अन् झरोक्यावर तिनं लाल खडूनं फुली मारलेली.

"काहून व बाई?" उस्तादांनी डोळे न उघडताच विचारलं.

"उन्हाची झळ आत येते म्हणून. भिंती बंद, छताखाली जाड थर, वर सौर पॅनल. खोली एकदा थंड केली की थंडच राहते."

"अन् लाईन गेली तर?"

"बॅटरी आहे."

"बॅटरी उतरली तर?"

एकदम मृणालचा आवाज चढला. "उस्ताद, मागच्या वैशाखात माझ्या बहिणीचं, रेवतीचं, तीन दिवसांचं लेकरू त्या पत्र्याच्या दवाखान्यात उन्हानं गेलं. सात तास लाईन नव्हती. मी इथं ऊन शिरू देणार नाही. बोटभरसुद्धा नाही!"

उस्तादांनी डोळे उघडले. मग उठले आणि बाजेवर हात थोपटला.

"नीज."

"काय?"

"नकाशा उभ्यानं काढला ना तू? बाळंतीण काय उभी राह्यते? नीज."

मजुरांत खसखस पिकली. मृणालनं नुसतं वळून पाहिलं, तर सगळ्यांना चुन्यात काहीतरी शोधायचं आठवलं. मग ती निजली. झक मारत, पण निजली.

दुपारचे दोन. मानेखालून घामाची धार लागली. दालन नुसतं रटरटत होतं.

"बघा! आहे का वारा कुठं? भोकं असून काय उपयोग?"

उस्ताद एक लोखंडी गज घेऊन केव्हाच बाहेर गेले होते.

भिंतीपलीकडून आवाज आला. ठक... ठक... एका भोकातून काळाकुट्ट बोळा आत पडला. मग दुसऱ्यातून. भोकांच्या बाहेरच्या तोंडाशी चुन्यात भिजवून ठासलेला, चाळीस वर्षांचा जुना कापूस.

सातव्या बोळ्यानंतर मृणालच्या गालाला गार काहीतरी लागलं.

ती हलली नाही.

बाहेर उत्तरेला ओसरीची गडद सावली होती आणि पाण्याचा हौद. त्यावरून वारा येत होता, जमिनीलगत, बाजेच्याच उंचीनं. वर झरोक्यातलं कोळ्याचं जाळं बाहेरच्या बाजूला फुगलं होतं. दालनातली गरम हवा तिकडून निघून चालली होती, कुणी न ढकलता.

तिनं डोळे मिटले. "रेवतीचं लेकरू इथं असतं तर..." ती म्हणाली.

उस्ताद आत आले. गज भिंतीला टेकवला.

"छताचं तुझं बरोबर आहे," ते म्हणाले. "तो थर दे. पॅनलबी लाव. चांगलं काम आहे ते."

मृणाल उठली, भिंतीपाशी गेली आणि ओढणीच्या टोकानं पहिली फुली पुसू लागली. पुसता पुसता पायाशी पडलेला बोळा तिनं उचलला आणि तिला पुन्हा राग आला.

"पण कुठल्या दीडशहाण्यानं बुजवली होती ही?"

"म्या."

"जिनिंगच्या शेठले आत गारेगार पाह्यजे होतं. नवीन पंखे आले होते. भोकं बुजवली की गारवा आतच राह्यते म्हणे. अन् मी तालुक्यातला एक नंबरचा गवंडी!"

"मग तुम्हाला कुणी अडवलं नाही?"

"अडवलं ना." उस्ताद बाजेच्या जुन्या लाकडावरून हात फिरवत राहिले. "माझे उस्ताद इथंच निजले होते. याच बाजेवर... म्या त्याईले बाजेसकट उचलून बाहेर ठेवलं."