गिळलेली ओळ

अरं जा, सांगा त्याला! म्हणं, 'मी सकाळ-संध्याकाळ गुडघं टेकतो, चाळीस दिसांचं उपास धरतो, रविवारची भक्ती कधी चुकवत न्हाई. मग मेव्हण्याशी बोललो न्हाई तर काय बिघडलं?' काय बिघडलं! बैलाला तीन पाय असलं तर काय बिघडलं? तो इथं न्हाई, ठावं हाय. तोंड चुकवून गेलाय. पर तुम्ही बसलाय न्हवं? म्हाताऱ्यांनी ऐका, बारक्या पोरांनी बी ऐका, आन् घरी जाताना त्याच्या कानात घाला.

लई लई मागची गोष्ट. तवा वाटसरू गावाचं नाव इचारत नसं, चुलीचा धूर बघून वळायचा. अशाच एका डोंगराच्या कुशीत एक गाव व्हतं. गावात दगडाचं प्रार्थनाघर व्हतं. घंटा वाजली की सगळं गाव जमायचं.

गावात वाचता येणारं कुणी नव्हतं. पाळकबाबा यायचं ते वरसातनं दोनदा, लग्नं-बाप्तिस्मं उरकून माघारी, त्यांच्या मागं लई गावं. मधल्या दिसांत प्रार्थना चालवायचा एक शेतकरी. त्याचा आवाज असा, की खळ्यावर खोकला तर वेशीतली कुत्री उठून बसायची. गाव त्याला नगारा म्हणायचं. त्याचं खरं नाव त्याची बायको बी इसरली व्हती.

नगारा भक्तीला कडक. कोंबडा आरवायच्या आधी उठायचा. तोंडात पाणी घ्यायच्या आधी देवाचं नाव. औत जुंपताना प्रार्थना, औत सोडताना प्रार्थना. भाकरीचा तुकडा मोडायच्या आधी घरातल्या सगळ्यांचं डोळं मिटलं पायजेत. एखाद्याचा डोळा किलकिला दिसला की म्हणायचा, "देव ताटात न्हाई, वर हाय!"

प्रार्थनाघरात तो प्रभूच्या प्रार्थनेची एक ओळ म्हणायचा, मागनं गाव ती ओळ म्हणायचं. लेकरं अशीच शिकायची. कानानं.

आता मधी काय घडलं ते सांगतो. त्याच्या शेजारी त्याचा चुलतभाऊ राहायचा. एका वरसी नगाऱ्याची ज्वारी हुरड्यात आली व्हती, कणसं मुठीएवढी. चुलतभावानं भर दुपारी आपला बैल त्यात सोडला. बैलानं निम्मं रान लोळवलं. पंच बसलं. चुलतभावानं पवित्र शास्त्रावर हात ठेवला आन् म्हणाला, "माझा बैल दावणीलाच व्हता." निम्म्या गावानं बैल बघितला व्हता. पर त्याची भावकी दांडगी, त्यांच्याशी कोण वाकडं घेणार? त्या वरसी नगाऱ्याच्या घरानं तांदुळज्याचा पाला उकडून दिस काढलं. चूक चुलतभावाचीच. यात फाटं फोडू नका.

त्या संध्याकाळी नगारा प्रार्थना म्हणाया लागला. रोजची भाकर मागून झाली. फुडची ओळ आली, की जशी आम्ही दुसऱ्याला माफी करतो, तशी देवा तू आम्हाला कर. त्यानं ती ओळ गिळली आन् त्याच्या फुडची दुप्पट जोरानं म्हणली.

दुसऱ्या दिवशी बी तेच. मग ती सवयच पडली.

एक आंधळी म्हातारी पयल्या बाकावर बसायची. ती एकदा म्हणाली, "नगाऱ्या, एक ओळ खाल्लीस रं."

"मग काय देवाफुडं खोटं बोलू व्हय, म्हातारे? मी न्हाई त्याला माफी केली. उगा कशापाई म्हणू?"

"खोटं नको बोलू. खरं कर."

"तू तुझी जपमाळ ओढ!" नगारा गुरकावला. त्याला वाटलं, आपुन तर खरं बोलणारं माणूस.

अशी बारा वरसं गेली.

नगाऱ्याला दोन पोरं. मोठी झाली, मिसरूडं फुटली. एक दिवस बैलाच्या घुंगरमाळेवरनं दोघं भांडली. माळ कुणाच्या बैलाच्या गळ्यात, एवढंच. शब्दाला शब्द लागला. थोरल्यानं बैल हाकायची काठी उचलली आन् धाकल्याच्या डोस्क्यात घातली. रगत बघितलं तसा थोरला ढासळला. काठी फेकली, भावाचं पाय धरलं, लेकरावानी रडला.

धाकला आठ दिस भिंतीकडं तोंड करून निजला. नवव्या दिवशी सकाळी त्यानं धोतराचं गाठोडं बांधलं. आई दारात आडवी उभी ऱ्हायली.

"कुठं निघालास?" नगाऱ्यानं इचारलं.

"जिकडं ह्याचं तोंड दिसणार न्हाई तिकडं."

"त्यानं पाय धरलं की तुझं! झालं गेलं. माफ कर त्याला."

"कशापाई?"

"कशापाई म्हंजी? देव सांगतो म्हून!"

"कवा सांगितलं?" धाकल्यानं इचारलं. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "मला प्रार्थना सगळी पाठ हाय, बा. तूच शिकवली. त्यात असलं काय न्हाई."

आन् पोरानं उभ्या-उभ्या प्रार्थना म्हणून दावली. देवाचं नाव झालं, राज्य झालं, रोजची भाकर झाली. आन् तिथनं त्यानं टुणकन उडी मारली, फुडच्या ओळीवर. अगदी बापाच्या तालात.

नगाऱ्यानं थोरल्याकडं बघितलं. थोरला म्हणाला, "मला बी अशीच येते."

बायकोला मधली ओळ यायची. ती मान खाली घालून उंबऱ्याकडं बघत राहिली.

"मधी एक ओळ हाय," नगारा म्हणाला.

"कंची?"

नगाऱ्यानं तोंड उघडलं. वेशीतली कुत्री उठवणारा आवाज त्याचा, पर बाहेर काय आलं न्हाई.

पोरगं म्हणालं, "बा, तुलाच येत न्हाई की."

नगारा खाली बसला. मग उठला. म्हणाला, "थोडं दिस थांब. शिकून येतो."

"कुणाकडनं?"

नगाऱ्यानं हनुवटीनं शेजारचं घर दावलं.

फुडल्या सकाळी दिस उगवायला नगारा चुलतभावाच्या दारात गेला. उंबऱ्याबाहेर, फुफाट्यात, गुडघं टेकलं. प्रार्थना म्हणाया लागला. भाकरीपातुर आला आन् अडकला. उठला आन् माघारी गेला.

"खूळ लागलं का रं ह्याला?" चुलतभाऊ आतनं ओरडला. "आपल्या दारात बोंबल की!"

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईनं शेणपाणी टाकलं, नेमकं तो बसतो तिथंच. नगारा त्याच्यातच बसला. ओळ अडकली. तिसऱ्या दिवशी निम्मी आली. चौथ्या दिवशी त्यानं डोळं घट्ट मिटलं, दात आवळलं आन् चुलतभावाचं नाव घेऊन सगळी ओळ म्हणली. टाचेत मोडलेला बाभळीचा काटा उपसावा तशी. मनात आलं म्हून म्हणली न्हाई, म्हणायचीच म्हून म्हणली. मन मागनं आलं, लंगडत.

घरी येऊन म्हणाला, "आली ओळ."

धाकला गाठोड्यावर बसला व्हता. "एक दिस आली."

"व्हय. उद्या परत जातो."

आन् गेला. रोज गेला. थंडीत गेला, अंगात ताप असताना गेला. गाव हसायचं. पोरगं रोज ठरवायचं की आज निघायचं, आन् रोज सकाळी दारात उभं राहून बघायचं, बाप आज जातो का आज थकतो.

एक दिवस चुलतभाऊ बाहेर आला. कमरेवर हात. "तुला काय वाटतं, असं छळून मी कबूल करीन?"

"नको करू. मी इचारायला आलोच न्हाई."

"मग कशाला येतो?"

"माझी ओळ हरवलीय. ती इथंच पडली व्हती."

चुलतभाऊ आत गेला आन् दार आपटलं.

आता तुम्हाला वाटंल, एक दिस चुलतभाऊ रडत आला, गळ्यात पडला, म्हणाला बैल माझाच व्हता. न्हाई आला. न्हाई म्हणाला. मरेपातुर न्हाई म्हणाला. पर एका सकाळी नगारा गेला तर उंबऱ्याबाहेर एक पोतं व्हतं. दुहेरी घडी घालून टाकलेलं, गुडघ्याखाली घ्यायला म्हून. भोवती कुणी नव्हतं. नगाऱ्यानं पोत्याकडं बघितलं, त्यावर बसला, प्रार्थना म्हणली. ओळ आली तशी मागनं दुसरा आवाज आला. कोवळा, अडखळता. प्रार्थनाघरात गाव मागनं म्हणतं तसा.

धाकला उभा व्हता.

तो घरी गेला. थोरला दाराशी मान घालून बसला व्हता. धाकला त्याला म्हणाला, "उठ की. पेरणी मी एकटा करू व्हय? का माझं पाय धरूनच पावसाळा काढणार?"

आई चुलीकडं तोंड फिरवून भाकरी थापाया लागली. एक करपली, पर कुणी काय बोललं न्हाई.

त्या संध्याकाळी नगाऱ्यानं प्रार्थनाघरात सगळ्या लेकरांना फुडं बसवलं. म्हणाला, "माझ्यामुळं तुम्हाला प्रार्थना मोडकी मिळाली. चूक माझी. आता म्हणा." आन् ती ओळ तीनदा म्हणून घेतली. बाकावरच्या कैक बाप्या माणसांनी माना खाली घातल्या. दोन घरं तर फुडच्या रविवारपास्नं यायचीच बंद झाली, ओळ कानाला टोचती म्हून. पर लेकरांना ओळ आली. आन् नगाऱ्याच्या घरात दोन चुली झाल्या न्हाईत.

बोध एवढाच: देवाफुडं जी ओळ बाप गिळतो, ती लेकरांच्या तोंडात कधी येतच न्हाई.

झाली गोष्ट. आता बसून काय ऱ्हायलाय? ज्याचं नाव घ्यायला जीभ उचलत न्हाई, त्याच्या दारात जा, गुडघं टेका आन् सगळी प्रार्थना म्हणा. चला, उठा.