धवलेचा मुराळी

एका राज्यात, जिथे राजवाड्याच्या गच्चीवरून अरण्यातला धबधबा दिसे, तिथे भद्रसेन नावाचा राजा राज्य करी. धबधब्याचं नाव धवला. हा साधासुधा धबधबा नव्हे बरं! राजघराण्याच्या मूळपुरुषाला अरण्यात एक जलकन्या भेटली. त्याने तिला लेक मानलं आणि वाजतगाजत डोंगरकड्याशी तिचं लग्न लावून दिलं. तेव्हापासून कडा हे तिचं सासर आणि नगर हे तिचं माहेर.

आता लेक म्हटली की तिला माहेरी आणायला मुराळी हवा. मुराळी म्हणजे माहेरचं माणूस, जे लेकीला न्यायला तिच्या सासरच्या दारी जातं. दरवर्षी भाद्रपदात राजघराण्यातला पुरुष अनवाणी निघे, खांद्यावर शिदोरी घेई, अरण्यातले तीन डोह पोहून जाई आणि कड्याखाली उभा राहून म्हणे, "ताई, न्यायला आलोय." की धवला त्याच्या मागोमाग खळाळत निघे. नगरातली तळी भरत, विहिरी भरत, शेतांच्या पाटांना पाणी सुटे.

भद्रसेनही तरुणपणी हौसेने जाई. मग राज्य वाढलं, मुकुटातले हिरे वाढले, आणि एका भाद्रपदात तो म्हणाला, "राजाने का अनवाणी हिंडायचं? अंबारीचा हत्ती पाठवा." हत्ती गेला. धवला आली नाही. मग रेशमी पडद्यांची पालखी गेली. धवला आली नाही. राजाचं डोकं फिरलं. त्याने अघोरकंठ नावाच्या मांत्रिकाला बोलावलं आणि फर्मावलं, "बांधून आण तिला."

अघोरकंठाने कड्याखालून मंत्राचा दोर फेकला. धबधबा पडता पडता कड्याच्या मध्यावर थांबला आणि तिथेच लोंबकळत राहिला. मांत्रिकाचा जागच्या जागी काळा खडक झाला. मग पाण्यातून आवाज आला, आणि तो नगरापर्यंत ऐकू गेला: "भद्रसेना, मला न्यायला दोर पाठवलास. मी जशी मध्येच अडले, तसं पाणी तुझ्या ओठांशी अडेल."

आणि तसंच झालं. राजा पेला तोंडाला लावी, पाणी ओठांपर्यंत येई आणि मागे सरे. दूध अडलं, उसाचा रस अडला, डाळिंबाचा दाणासुद्धा कोरडा होऊन घशात उतरे. राजवैद्य त्याला ओल्या चादरींत गुंडाळून ठेवी, म्हणून प्राण कसाबसा टिकून होता. मंत्र्यांनी यज्ञ केले, मांत्रिक आणले, सारं करून पाहिलं. राजाने स्वतः जावं हे मात्र कोणी सुचवलं नाही. सुचवणार कोण? काळ्या खडकाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती!

राजाची एकुलती एक लेक चारुमती दोन डोंगर पलीकडच्या राज्यात दिली होती. बातमी कानावर पडताच ती घोड्यावर बसली ती थेट बापाच्या मंचकापाशी येऊन उतरली.

राजाच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. तो पुटपुटला, "चारू? हत्ती तर मी धाडला नव्हता."

"हत्ती धाडत होतात तेव्हा आले नाही. आज आले," चारुमती म्हणाली.

राजाने डोळे मिटले. लग्न झाल्यापासून दरवर्षी लेकीच्या दारात एक शृंगारलेला हत्ती जाई आणि रिकामा परत येई. ती का येत नाही, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. चारुमतीच्या मनात तो काटा सलत होता. पण मरणाला टेकलेल्या बापाशी भांडायचं तरी कसं? तिने पायांतले जोडे काढले, पदर खोचला आणि म्हणाली, "राजरक्त माझ्याही अंगात आहे. मुराळी म्हणून मी जाते."

अरण्याच्या तोंडाशी एका फांदीवर निळा खंड्या बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, मुराळ्याची वाट जमिनीवरून नाही. जी आहे ती पाण्यातून आहे. पोहता येतं का?"

"येतं. लहानपणी बाबांनी राजविहिरीत शिकवलं, पाठीला सुका भोपळा बांधून."

"मग चल. पण पाण्याला आधी पाय लावू नकोस. आधी हात, मग कपाळ, मग पाय. हल्ली लोक धपकन उड्या मारतात, लाज सोडून!" असं म्हणून खंड्या पुढे उडाला.

पहिला डोह निळाभोर होता. तळाचे गोटे असे दिसत की वाटावं, गुडघाभर पाणी असेल. चारुमतीने ओंजळ कपाळाला लावली आणि आत उतरली, तर पायाखाली काहीच नाही! डोह म्हणाला, "माझ्या तळाचा पांढरा गोटा वर आण. मग वाट देईन." तिने श्वास भरून बुडी मारली. गोटा दूर दूर सरकत गेला. कानांत दडे बसले, छाती फुटेलसं झालं. तेव्हा तिला बापाचा जुना बोल आठवला, "घाबरलीस की जड होतेस, चारू." तिने अंग सैल सोडलं, हात लांबवला, आणि गोटा आपणहून तिच्या मुठीत आला. वर येऊन तिने खळखळून हसत केस झटकले. सासरी गेल्यापासून ती पाण्यात उतरली नव्हती. बापावरचा राग मनात असूनही तिला इतकं बरं वाटलं की काय सांगावं! डोहामागच्या खडकात फट उघडली.

दुसरा डोह भोवऱ्याचा होता. त्यात पडलेलं पान गरागरा फिरून दिसेनासं होई. डोह म्हणाला, "माझ्याशी झुंजशील तर बुडशील." चारुमती पाठीवर पसरली आणि भोवऱ्याबरोबर फिरत राहिली. आभाळ फिरलं, झाडं फिरली, खंड्याही फिरला, आणि भोवऱ्याने तिला एका छोट्या धबधब्याच्या पडद्यामागे अलगद नेऊन ठेवलं.

तिसरा डोह निश्चल होता. त्यात तिचं तोंड लख्ख दिसे. डोह म्हणाला, "मला एकच हवं. खरं सांग, का आलीस?"

"बाबांचा जीव वाचवायला."

पाणी हललं नाही.

चारुमतीने पाण्यातल्या आपल्या तोंडाकडे पाहिलं. "मला त्यांचा राग आला आहे," ती म्हणाली. "त्यांनी मला हत्ती पाठवले, शालू पाठवले. स्वतः एकदाही आले नाहीत. सासरच्या सगळ्या सुनांचे बाप, भाऊ येत, आणि मी खिडकीत उभी राहून हत्तीची घंटा ऐकत असे. राग आहे. तरी ते तहानेने जाऊ नयेत, एवढंच मागायला आले." आणि ती रडू लागली. तिचे अश्रू डोहात पडले, डोह दुभंगला, आणि समोर कडा दिसला.

कड्याच्या मध्यावर धवला लोंबकळत होती. पांढरंशुभ्र पाणी, ना आवाज, ना तुषार. खाली काळा खडक. चारुमती हात जोडून म्हणाली, "आत्याबाई, न्यायला आले."

"पोरी, तू गुणाची आहेस," पाणी म्हणालं. "पण तू मुराळी कशी होशील? तू तर माझ्यासारखीच वाट बघत बसलेली. तुला न्यायला कोण आलं होतं?"

चारुमती काळ्या खडकाला टेकून बसली.

"मग मीही इथंच बसते," ती म्हणाली. तिने मुठीतला पांढरा गोटा खंड्याच्या चोचीत दिला. "हा बाबांना नेऊन दे. म्हणावं, माहेरच्या दोन लेकी कड्यापाशी खोळंबल्या आहेत."

खंड्या राजवाड्यात गेला, गोटा राजाच्या छातीवर टाकला आणि निरोप सांगितला. राजाने गोटा मुठीत घट्ट धरला. मग त्याने ओल्या चादरी बाजूला सारल्या.

"पालखी आणा!" प्रधान ओरडला.

"नको," राजा म्हणाला. "माळ्यावरचा सुका भोपळा आणा."

मंत्र्यांनी तोंडात बोटं घातली. पण भोपळा आला, राजाच्या पाठीला बांधला गेला, आणि राजा भद्रसेन मुकुट ठेवून, काठी टेकत, अनवाणी निघाला. चार पावलं चाले, बसे, पुन्हा उठे. खंड्याची टकळी चालूच होती, "महाराज, बुडायची चिंता नको. तुमच्या तोंडात पाणी शिरणारच नाही!" राजाला हसू फुटलं. कोरडे ओठ फाटून रक्त आलं, तरी तो हसला.

पहिल्या डोहाला त्याने ओंजळ कपाळाला लावून नमस्कार केला. डोहाला जुना पाहुणा आठवला. त्याने काही मागितलं नाही. भोवऱ्याने त्याला जपून फिरवलं. तिसऱ्या डोहाच्या मध्यावर मात्र राजाचे हात गळाले. भोपळ्याची दोरी सुटली आणि भोपळा तरंगत दूर गेला.

चारुमतीने ते पाहिलं आणि पाण्यात झेप घेतली. एकदाच तिने आधी हात लावला नाही, कपाळ लावलं नाही, आणि डोहही त्याबद्दल काही बोलला नाही. तिने बापाच्या पोटाखाली हात धरला. "घाबरलात की जड होता, बाबा," ती म्हणाली. राजाने अंग सैल सोडलं. लेकीच्या हातावर तो काठापर्यंत आला.

काठावर आल्यावर तो आधी कड्याकडे वळला नाही. लेकीसमोर उभा राहिला, पाण्याने निथळत, थरथरत. "बाळ, न्यायला आलोय. फार उशीर केला," तो म्हणाला. चारुमतीने पदराने त्याचं तोंड पुसलं.

मग तो कड्याकडे वळला. "ताई, न्यायला आलोय. माझं चुकलं."

कड्यावर आधी एक थेंब सुटला. तो राजाच्या ओठावर पडला आणि आत गेला. राजाने तो गिळला. मग दुसरा, तिसरा, आणि मग धवला जी कोसळली ती साऱ्या अरण्याला हादरवत! तुषारांनी झाडं न्हाली. काळ्या खडकाचा पुन्हा मांत्रिक झाला. तो नखशिखांत भिजून उठला आणि कोणी काही विचारायच्या आत वाट फुटेल तिकडे पळाला. बापलेक त्या धारेखाली उभे राहून ओंजळींनी पाणी प्यायले. मग दोघं पुढे आणि धवला मागे, अशी ती तिघं नगरात आली. तळी भरली, विहिरी भरल्या, पाटांना पाणी सुटलं.

माहेरपण आटोपलं. चारुमती ओटीत खणनारळ आणि तो पांढरा गोटा घेऊन सासरी परतली. वर्ष सरलं, भाद्रपद आला. ती खिडकीत उभी राहिली, कान सवयीने घंटेकडे लागले होते. घंटा वाजली नाही.

एवढ्यात खाली दाराशी पहारेकरी कोणाला तरी अडवत असल्याचं ऐकू आलं. एक म्हातारा उभा होता. पायांत जोडे नाहीत, खांद्यावर शिदोरी, पाठीला सुका भोपळा.

"कोण आपण? कोणाकडे काम आहे?" पहारेकऱ्याने हटकलं.

"मी मुराळी," भद्रसेन म्हणाला. "माझ्या लेकीला न्यायला आलोय. वाटेत ताईकडेही जायचं आहे."

चारुमती जोडे घालायलाही थांबली नाही, धावतच जिना उतरली. जसं तिचं वाट बघणं संपलं, तसं ऐकणाऱ्या साऱ्यांचं संपो.