हैबतीचं लाकूड

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नदीवर तेव्हा पूल नव्हता, आणि पलीकडे जायचं तर आधी देवाचं आणि मग हैबती भोयाचं नाव घ्यावं लागायचं. गाव डोहवाडी. खोटी वाटली तर खुशाल वाटू द्या, पण मधे बोलू नका.

हैबतीकडे होडी एकच, आणि ती चालवणारा माणूसही गावात तो एकच. सुगी झाली की घराघरातून त्याला धान्य मिळायचं, त्यावर त्याचं आणि त्याच्या बायकोचं, सऊचं, वर्ष निघायचं. मूलबाळ नव्हतं. आता डोहवाडीचं स्मशान पडलं नदीपलीकडे. म्हणजे गावात कुणीही गेलं, पाटील असो की पोतराज, शेवटी हैबतीच्याच होडीत बसणार. पण त्या खेपेचं त्यानं कधी मूठभर जोंधळेही घेतले नाहीत. रडत्या माणसाकडून घेतलेलं पचत नाही, असं म्हणायचा. सऊ चिडायची. चूल काय तुमच्या पुण्याईवर पेटते का, असं विचारायची. तो हसायचा आणि तंबाखू मळत बसायचा.

त्या काळी गावात एक रीत होती. चितेचं लाकूड मागितल्याशिवाय कुणी द्यायचं नाही. न मागता कुणाच्या घरी सरण पोचवणं म्हणजे त्या घरात आणखी एक मरण चिंतणं. मेलेल्याच्या घरच्या माणसानं दारोदार जायचं, तोंडानं मागायचं, मगच लाकूड उंबऱ्याबाहेर पडायचं. ज्याच्या परसात स्वतःची लाकडं, त्याला या रितीची झळ कधी लागली नाही. गरिबाला लागायची, पण गरिबाचं ऐकतो कोण!

एका भादव्यात हैबतीला ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

सऊ त्याच्या उशाशी बसून राहिली. घरात जळण म्हणाल तर ओलसर गोवऱ्यांची एक पाटी. अंगणात अख्खं गाव जमलं. बायका रडल्या, पुरुषांनी तिरडी बांधली, आणि मग सगळे गप्प बसले. ते वाट बघत होते, सऊनं मागावं म्हणून. आणि आत सऊ वाट बघत होती, कुणीतरी आणावं म्हणून. ती बाहेरगावची. तिच्या माहेरी न मागता द्यायचे. इथं तीस वर्षं काढली, पण हिच्या गरीब दारी लाकूड मागायला कधी कुणी आलं नव्हतं आणि स्वतःच्या घरात मरण आज पहिल्यांदा आलेलं, त्यामुळे ही रीत तिला ठाऊकच नव्हती. आणि जिनं मागायचं तिलाच रीत सांगणं म्हणजे तेही एक चिंतणंच, म्हणून कुणी तोंड उघडेना. शहाण्यांचं गाव हो, काय सांगावं!

सूर्य डोक्यावर आला. सऊच्या मनात एकच घोळत होतं. ज्यानं यांच्या आईबापांना पलीकडे पोचवलं, त्याला एवढ्यांतून कुणी एक काटकी आणली नाही. तिला रडू येईना, इतका राग आला होता. ती उठली, कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली आणि कुणाकडे न बघता नदीवर गेली. होडी फोडायची, तिच्याच फळ्या रचायच्या आणि अलीकडच्या वाळूतच त्याला अग्नी द्यायचा, असं तिनं ठरवलं. पलीकडचं स्मशान त्याच्या नशिबी नाही तर नाही. उद्या आपण काय खायचं, गाव पलीकडे कसं जाणार, याचा विचार तिनं केला नाही.

कुऱ्हाड वर गेली, तोच मागून कुणीतरी दांडा धरला. येसूआजी होती, गावातली सगळ्यांत म्हातारी. तिचा नवरा आणि दोन लेक याच होडीतून गेले होते. धापा टाकत तिनं सऊला रीत सांगितली. चिंतलेलं मरण माझ्यावर येऊ दे, म्हणाली, माझं वय झालं. सऊ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "आजी, मला मागता येत नाही. त्यांनी कधी मागितलं नाही, मला कोण शिकवणार?"

"अगं, तो फुकट न्यायचा तेव्हा आम्ही न लाजता बसलो की," आजी म्हणाली. "आता आमची पाळी आहे. लाकूड घेऊन येऊ दे आम्हाला."

सऊनं कुऱ्हाड ठेवली. पायात बळ नव्हतं, म्हणून होडीतलं वल्हं घेतलं आणि ते टेकत टेकत गावात आली. पहिलं दार शिदोजी सुताराचं. तिनं वल्हं चौकटीला टेकवलं, आणि कसेबसे शब्द बाहेर काढले.

"माझ्या माणसाला जाळायला लाकूड नाही. एक द्या."

असं म्हणतात, की एवढं बोलली आणि तिचा आवाज जो गेला तो तेरा दिवस परतलाच नाही. शिदोजी डोळे पुसत आत गेला आणि गाड्यासाठी राखलेलं सागाचं लाकूड घेऊन आला. पुढच्या दारी सऊला बोलता येईना. तिनं नुसतं वल्हं टेकवलं आणि उभी राहिली. घरधन्यानं वल्ह्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि लाकूड आणलं. मग तिसरं दार, चौथं दार. कुणी पाट दिला, कुणी पाळण्याचा पाय दिला. भादव्यात कोरडं लाकूड म्हणजे सोनं, पण एकही घर मागं राहिलं नाही.

होडी भरली. हैबतीला लाकडांवर निजवलं. बायका स्मशानात जात नसत, पण हैबतीच्या हाताखाली शिकून होडी चालवायला येत होतं ते एकट्या सऊला, मग बोलणार कोण? चार माणसं बसली, दोर सुटला. नदी तुडुंब होती. होडी धारेत शिरली आणि तेव्हा कुठे सऊच्या ध्यानात आलं, की हातात वल्हं नाही. ते शेवटच्या दाराला टेकवलेलं तसंच राहिलं होतं. चौघांनी होडीच्या कडा घट्ट धरल्या. पण असं म्हणतात, की होडी ना हेलकावली ना वाहून गेली. संध्याकाळची गाय गोठ्याकडे निघते तशी ती सरळ पलीकडे गेली आणि रोजच्या खडकाला जाऊन लागली. दिवस मावळायच्या आत हैबतीला अग्नी मिळाला. सऊ तेव्हा पोटभर रडली.

पुढे होडी सऊनं चालवली. आणि गावात कुणी गेलं, की ती आधी वल्हं घेऊन त्या घरी जायची आणि दाराला टेकवून ठेवायची. वल्हं टेकलं म्हणजे मागून झालं, असं तिनं गावाला सांगितलं. पाटलाच्या वाड्यालाही टेकवायची. पाटील म्हणाले, आमच्याकडे लाकडं रग्गड आहेत. सऊ म्हणाली, असतील, पण ती आमची नाहीत.

खूप म्हातारी होऊन सऊ एका पहाटे झोपेतच गेली. तिच्या घरी वल्हं कोण नेणार, हे कुणाला सुचलं नव्हतं. होडी ऐलतीरी बांधलेली होती आणि वल्हं तिच्यात असायला हवं होतं. पण उजाडल्यावर लोक आले तेव्हा ते सऊच्या दाराला टेकलेलं होतं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. असं म्हणतात.

आता पूल झाला. होडी कधीच कुजून गेली. वल्हं मारुतीच्या देवळात आहे. डोहवाडीत चुलीही फारशा राहिल्या नाहीत, तरी प्रत्येक घराच्या पडवीत एक कोरडं लाकूड राखून ठेवलेलं असतं. पाहुण्यानं चुकून हात लावला तर घरातलं पोरगंसुद्धा सांगतं, ते नको, ते हैबतीचं आहे. कुणी गेलं की शेजारी देवळातून वल्हं आणतो आणि त्या दाराला टेकवतो. मग घराघरातून लाकूड निघतं. दारात बसलेल्या माणसानं फक्त आपल्या माणसासाठी रडायचं असतं. शिदोजीच्या दारात सऊ जे बोलली, ते त्यानंतर डोहवाडीत कुणालाच बोलावं लागलं नाही.