महाराजांनी अडवलेला चेंडू

पठाराच्या पायथ्याशी एक जंगल होतं. जंगलाला राजा होता, कारण जंगलाला राजा असतोच. आणि जंगलात एक कॉलेज होतं, कारण राजाच्या मेव्हण्याला काहीतरी द्यायला हवं होतं.

राजा अस्वल होता. मेव्हणाही अस्वल होता आणि तो प्राचार्य होता. कॉलेजात फारसं शिकवत नसत, पण फुटबॉलचा संघ होता. हा संघ वर्षानुवर्षं ओढ्याकाठच्या गटात खेळत आला होता. त्या गटात बदकं होती, ससे होते, बेडकांचं एक तंत्रनिकेतन होतं. आपला संघ कधी सशांना हरवी, कधी बेडकांकडून हरे. एकदा कासवांशी सामना लागला होता. तो अजून संपलेला नाही.

यंदा महाराजांनी जाहीर केलं की जंगल आता मोठं झालं आहे, तेव्हा यापुढे आपला संघ पठाराच्या गटात खेळेल. पठाराच्या गटात रानडुकरं खेळत. जंगल नेमकं कशाने मोठं झालं, हे कुणी विचारलं नाही. झाडं तर मागच्या वर्षीपेक्षा कमीच होती.

पठारवाल्यांनी एक अट घातली. नव्या संघाने पहिला सामना आमच्याशी खेळायचा. हरला तरी गटात घेऊ, पण मग त्याच्या जंगलाचं खालचं कुरण हंगामभर आमच्या कळपाला मोकळं. महाराजांनी अटीखाली पंजा उमटवला. महाराज मध खातात आणि मोहाची फुलं खातात. कुरणात यांपैकी काहीच मिळत नाही.

खालच्या कुरणात मात्र, फुटबॉलच्या मैदानाला लागूनच, एक वारूळ होतं आणि त्या वारुळात धोंडाबाई घोरपडीची अंडी होती. धोंडाबाई संघाची गोलरक्षक. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे जगजाहीर आहे. धोंडाबाई चेंडूला चिकटत असे. तोंडाची फटकळ होती, आणि मी नसते तर या संघाला बेडकांनीही विचारलं नसतं, हे ती संघाला रोज ऐकवायची. रानडुकरं कुरणात शिरली की आधी वारुळं उकरतात आणि आत सापडेल ते खातात, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

जंगलात रिवाज होता की हंगामाआधी संघाच्या भवितव्यावर सभा भरायची आणि ते भवितव्य प्रजेने मंजूर करायचं. मतदान शेपटी वर करून होई. अस्वलाला सांगण्यासारखी शेपटी नसते, त्यामुळे महाराजांचं मत धरूनच चालत.

संघाचे प्रशिक्षक काटेमास्तर हे साळिंदर होते. चेंडू फुटेल म्हणून ते त्याच्या जवळ कधी जात नसत. लांबून, मातीत काठीने रेघा ओढून शिकवत. त्यांनी सभेपुढे आपला अंदाज सरळ मांडला. आघाडीला वानरं आहेत. वेग चांगला आहे, पण चेंडू मिळाला की ती तो घेऊन झाडावर चढतात. बचावाला चितळं आहेत. चेंडू येताना दिसला की ती पळतात, मात्र फार सुंदर पळतात. गोलात धोंडाबाई आहे. सगळ्यांनी मनापासून सराव केला आणि गोल सांभाळला, तर सामना बरोबरीत सुटण्याची आशा आहे.

महाराजांनी प्राचार्यांकडे पाहिलं, प्राचार्यांनी टिटवीताईंकडे पाहिलं. टिटवीताई दरबारच्या प्रवक्त्या. त्या रात्री पाय वर करून झोपत आणि आभाळ आपण धरून ठेवलं होतं, असं सकाळी जाहीर करत. आभाळ पडलेलं नसे, त्यामुळे त्यांना खोटं पाडता येत नसे.

“मास्तर,” टिटवीताई म्हणाल्या, “आशा कुणाला वाटते? ज्याला खात्री नसते त्याला. आपल्याला खात्री नाही का?”

काटेमास्तरांचे काटे किंचित उभे राहिले. शेजारचे दोन ससे उठून लांब जाऊन बसले. आपलं तसं काही म्हणणं नाही, असं सांगून मास्तर खाली बसले.

मग ठराव आला. आपला संघ जिंकणार अशी जंगलाची इच्छा आहे, आणि या इच्छेविषयी शंका येईल असं जो वागेल तो पठाराचा हस्तक समजला जाईल. ठरावाबरोबर एक घोषणाही होती, ‘चार पाय, एकच ध्येय’. पक्ष्यांनी हरकत घेतल्यावर ती ‘पाय कितीही, ध्येय एकच’ अशी करण्यात आली, आणि गोगलगाईंनीही समाधान व्यक्त केलं. सगळ्या शेपट्या वर झाल्या. एका पालीची झाली नाही. ती आदल्या आठवड्यात तुटली होती, तरीही पालीला पहाऱ्यात ठेवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ सरावाला आला तेव्हा मैदानावर पहारा होता. संघ जिंकणार हे ठरलेलं असताना सराव कशासाठी, असा पहारेकऱ्यांचा प्रश्न होता. आपण सराव करतो हे पठारावरून दिसलं, तर त्यांना वाटेल की आपण घाबरलो. वानरांना हे ताबडतोब पटलं. चितळांना आधीपासूनच पटलेलं होतं.

धोंडाबाई दरबारात गेली. मी गोलात उभं राहायचं की नाही, एवढंच सांगा, असं तिने विचारलं.

“बाई, तुम्ही तिथे उभ्या राहता कशासाठी?” टिटवीताईंनी विचारलं.

“चेंडू अडवायला.”

“म्हणजे शत्रूचा चेंडू आपल्या गोलापर्यंत येणार, असं तुम्ही धरूनच चालला आहात.”

“तो येणारच की ताई. डुकरं काय हळदीकुंकवाला येतायत?”

दरबारात कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

गोलरक्षक असावा की नसावा, यावर समिती नेमण्यात आली. समितीत प्राचार्य, टिटवीताई आणि तज्ज्ञ म्हणून कासवसंघाचा कर्णधार असे तिघे होते. कर्णधार त्या जुन्या सामन्यात अडकला होता. तो येईपर्यंत धोंडाबाईने प्रेक्षकांत बसावं, असा तात्पुरता आदेश निघाला.

पण रिकामा गोल बरा दिसत नाही, हे प्राचार्यांच्या लक्षात आलं. त्यांनी शिंपी पक्ष्यांना बोलावून सागाची पानं शिवून घेतली, गोलाच्या मापाचा पडदा केला, आणि त्यावर कोळशाने आणि गेरूने महाराजांचा हसरा चेहरा काढवला. पडदा गोलाच्या दोन खांबांना बांधला. महाराजांच्या तोंडावर लाथ मारायची हिंमत कुणाच्या बापात आहे, असं प्राचार्यांनी विचारलं, आणि कुणाच्याच बापाने उत्तर दिलं नाही.

सामन्याचा दिवस आला. मैदानाभोवतीची झाडं मान्यवरांच्या कक्षासाठी तोडली होती, त्यामुळे मान्यवर उन्हात बसले होते.

या जंगलात खेळाडूंचा सत्कार सामन्याआधी होतो. पूर्वी तो नंतर होत असे. पण एका वर्षी संघ हरला, आणि मणभर झेंडू वाया गेला. तेव्हापासून आधी सत्कार, मग खेळ. प्रत्येक खेळाडूला शाल, श्रीफळ आणि हार मिळाले. महाराजांचं भाषण झालं. आपण ओढ्याकाठी खेळत होतो तेव्हा जगाने आपल्याकडे पाहिलं नाही, आता जगाला पाहावं लागेल, असं ते म्हणाले. जग तिथे पठाराच्या उतारावर बसून डोळे बारीक करून पाहतच होतं. भाषण लांबलं, तशी चितळांनी आपापल्या गळ्यातले हार खाल्ले, मग एकमेकांच्या गळ्यातले खाल्ले. पंचांनी शिट्टी वाजवली तेव्हा बचावफळी खाली बसून रवंथ करत होती.

पंच घुबड होते. दिवसा त्यांना कमी दिसतं, म्हणूनच ते दोन्ही बाजूंना मान्य होते.

रानडुकरांनी भाषण केलं नाही. त्यांनी चेंडू घेतला, रवंथ करणाऱ्या चितळांना वळसा घालून ती पुढे आली, आणि त्यांच्या कर्णधाराने महाराजांच्या डाव्या नाकपुडीतून चेंडू आरपार घातला.

टिटवीताई कक्षात उभ्या राहिल्या.

“महाराजांनी चेंडूला आत घेतलं आहे,” त्या म्हणाल्या. “दारी आलेल्याला आसरा देणं ही या जंगलाची संस्कृती आहे.”

टाळ्या पडल्या. एक गोल मात्र झाला होता.

मध्यंतर झालं. धोंडाबाई प्रेक्षकांतून सरपटत काटेमास्तरांपाशी आली. गोलामागे थोड्याच अंतरावर वारूळ दिसत होतं. रानडुकरांचे राखीव खेळाडू आतापासूनच त्याच्याभोवती वास घेत फिरत होते.

“मास्तर, मी जाते.”

“समितीचा निर्णय आलेला नाही, बाई.”

“अंडी मी घातलीत. समितीने नाही.”

काटेमास्तरांनी यावर विचार केला. मग ते मान्यवरांच्या कक्षापुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी अंगावरचे सगळे काटे फुलवले. मागे बसलेल्या मान्यवरांना काट्यांशिवाय काही दिसेना. तेवढ्या वेळात धोंडाबाई पडद्याच्या मागे गेली आणि पानांना पाठीमागून चिकटली.

काटे खाली आले तेव्हा सामना पुन्हा सुरू झाला होता. पडदा खांबांना बांधलेला, म्हणून बाजू बदललेल्या नव्हत्या. रानडुकरांच्या कर्णधाराने महाराजांच्या उजव्या गालावर नेम धरून चेंडू मारला. गाल आतून फुगला, आणि चेंडू परत आला.

कक्षात महाराज मधाचं पोळं चोखत होते. त्यांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. मग त्यांनी तोंड पुसलं आणि उभं राहून चारी दिशांना नमस्कार केला. प्रजा उठून उभी राहिली. त्यानंतर रानडुकरांनी कपाळावर मारला, हनुवटीवर मारला, मिशीवर मारला. जिथे चेंडू येई तिथे महाराजांचा चेहरा पुढे होई. पडद्याखालून एक शेपूट वळवळत होतं, पण शेपूट वर असलं की मत धरायचं आणि खाली असलं की पाहायचं नाही, हे प्रजेच्या अंगवळणी पडलेलं होतं.

“हे चित्र हलतंय,” रानडुकरांचा कर्णधार पंचांना म्हणाला.

“चित्राने हलू नये असा नियम दाखवा,” घुबड म्हणालं. “दाखवाल तर जरा जवळ आणून दाखवा.”

शेवटी शेवटी कर्णधाराने चिडून सगळा जोर लावला. चेंडू महाराजांच्या वरच्या ओठावर आदळला आणि उंच उडून मैदानाच्या मध्यभागी एका वानराच्या हातापाशी पडला. वानराने सवयीने आजूबाजूला झाड शोधलं. झाड नव्हतं, मान्यवर होते. चढायला काहीच न उरल्यामुळे वानर गोंधळून सरळ धावत सुटलं आणि समोर जो गोल आला त्यात चेंडू ढकलून मोकळं झालं. सुदैवाने तो पठारवाल्यांचा होता.

सामना बरोबरीत सुटला. कुरण वाचलं. काटेमास्तरांचा अंदाज अचूक ठरला, म्हणून त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली.

पडद्याची मिरवणूक निघाली. धोंडाबाई मागून आली तेव्हा तिचा ओठ सुजलेला होता. चेंडू मी अडवले, असं तिने मिरवणूक थांबवून सांगितलं.

“पहिला गोल झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?” टिटवीताईंनी विचारलं.

“तुम्हीच बाहेर बसवलं होतं की.”

“म्हणजे जागेवर नव्हतात. आणि उत्तरार्धात?”

“महाराजांच्या मागे होते.”

“बाई, पुन्हा विचार करून सांगा. महाराजांच्या पाठीमागे लपून काही करणं, याला आपल्या कायद्यात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.”

धोंडाबाईने टिटवीताईंना जीभ दाखवली. घोरपडीची जीभ लांब असते, त्यामुळे ती सगळ्यांना दिसली. मग ती वारुळापाशी जाऊन बसली. यथावकाश अंडी फुटली, आणि पिल्लांना घेऊन ती ओढ्याकाठी राहायला गेली. बेडकांच्या तंत्रनिकेतनाला गोलरक्षक हवा होता. त्यांनी घोरपडीच्या जबड्याकडे पाहून थोडा विचार केला आणि होकार दिला.

इकडे समितीचं काम कासवावाचूनच पूर्ण झालं. गोलरक्षकाची गरज नाही, हे प्रत्यक्ष खेळातून सिद्ध झाल्याचं तिने कळवलं. नाकपुडी शिवून घेण्यात आली. पुढच्या हंगामाचं भवितव्य सभेपुढे आलं आणि अत्युत्तम म्हणून मंजूर झालं.

आता त्या जंगलात पाणवठा आटला तर तिथे महाराजांचं चित्र लावतात. धान्याच्या ढोलीला भोक पडलं तर तिथेही लावतात. पठाराकडून येणाऱ्या वाटेवर सर्वांत मोठं चित्र आहे, आणि ते सर्वांत जास्त हसतं. कोणत्या चित्रामागे कोण चिकटलं आहे, किंवा कुणी चिकटलं आहे की नाही, हे सांगता येत नाही. कारण चित्रामागे जाऊन पाहणं म्हणजे शंका घेणं, आणि शंका घेणाऱ्यांसाठी पालीच्या शेजारी अजून बरीच जागा आहे.